अमेरिकेतल्या यूएसबीसी (युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस) ओपन चॅम्पियनशिप्समध्ये, म्हणजे बॉलने दहा पिना पाडायच्या टेनपिन बोलिंगच्या स्पर्धेत, साधा हौशी बोलर प्रो लोकांसोबत खेळू शकतो का?

हो, बिनधास्त खेळू शकतो, आणि मला तर ह्या स्पर्धेची हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. १९०१ ला शिकागोत सुरू झालीये, यूएसबीसीची मेंबरशिप असली आणि एन्ट्री फी भरली की झालं, क्वालिफाय वगैरे काही करावं लागत नाही. अ‍ॅव्हरेजप्रमाणे (दर गेमचा सरासरी स्कोअर) डिव्हिजन असतात त्यामुळे १५० वाल्याला २२० वाल्याशी बक्षिसासाठी झुंजावं लागत नाही, पण लेन (बॉल टाकायच्या लाकडी पट्ट्या) त्याच, शेजारच्या लेनवर टीव्हीवर बघितलेला प्रोसुद्धा असू शकतो. एकूण नऊ गेम, तीन टीमचे, तीन डबल्सचे, तीन सिंगल्सचे, आणि नऊंची बेरीज म्हणजे ऑल इव्हेंट्स. स्पर्धा काही महिने चालते, आपल्या दिवशी जायचं, खेळायचं.

फक्त एक, लेनवरच्या तेलाकडे नीट लक्ष द्या. नेहमीच्या सेंटरमध्ये मधे जास्त आणि कडेला कमी तेल असतं म्हणून बॉल बाहेर गेला तरी वळून परत येतो, इथे तेवढी माफी नाही, बॉल लेनच्या दोन फळ्या इकडेतिकडे झाला की स्प्लिट, म्हणजे उरलेल्या पिना एकमेकींपासून लांब. म्हणून स्ट्राइकमागे (पहिल्याच बॉलला सगळ्या पिना) धावू नका, आधी स्पेअर (दुसऱ्या बॉलला उरलेल्या पिना) पक्के करा, दहा नंबरची, म्हणजे मागच्या रांगेतली उजव्या कोपऱ्यातली पिन तर खासच.