स्वर कुठे संपवायचा: बेस वाजवणाऱ्या एका मुलास

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

गेल्या शनिवारी पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात कार्यक्रम संपल्यावर, बेस गिटार पिशवीत घालता घालता तू मला विचारलेस, "काका, समोरच्यांना मी ऐकूच येत नसेन, तर मी वाजवतो कशासाठी?" त्या वेळी खाली टेम्पोत सामान चढत होते, निवेदकाला शेवटची लोकल गाठायची होती, आणि मी "बोलू कधीतरी" एवढेच म्हणून निघालो. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. 1994 साली मला हाच प्रश्न पडला होता आणि त्याचे उत्तर शोधण्याऐवजी मी सहा वर्षे रुसून घरी बसलो होतो. तू तसे करू नयेस, म्हणून हे पत्र.

तुझ्या अडचणी मला ठाऊक आहेत. दिवाळीनंतर खालचे स्वर कीबोर्डवाला डाव्या हाताने सांभाळील, तेव्हा तू लीड गिटार शिकून घे, असे संयोजकांनी तुला सांगितले आहे. मित्र म्हणतात, हप्त्यावर पाच तारांचा बेस घे. तुला स्वतःला बेसचे पडदे, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, उपटून टाकायचे आहेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड काढता येईल. तू चांगला वाजवतोस, हे मी इथे लिहीत बसणार नाही. ते तुला माहीत आहे, आणि चांगले वाजवणारे या शहरात पुष्कळ आहेत. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि तिचा तुझ्या प्रश्नाशी काही संबंध नाही असे तुला सुरुवातीला वाटेल. तुला स्वर संपवता येत नाही.

रागावू नकोस. मी विंगेत बसून ऐकत होतो. दुसरे गाणे केहरव्यात होते. "धा गे ना ती, ना क धी ना" या आठ मात्रांत डग्गा कुठे गुंजतो आणि कुठे गप्प होतो, हे तू कधी नुसते बसून ऐकले आहेस का? "गे"ची गुंज पसरते, आणि "क" आला की तबलजीचा पंजा डग्ग्यावर सपाट पडून ती जागीच थांबते. त्या थांबण्यामुळे ठेक्यातली खाली, म्हणजे तालाची रिकामी बाजू, कळते आणि गाणे चालू लागते. शनिवारी तबलजी "क"वर डग्गा बंद करत होता आणि तुझी जाड तार त्याच्या पंजाखालून गुंजतच राहत होती. तू पहिल्या मात्रेवर अगदी नेमका येत होतास, एकदाही चुकला नाहीस; पण आलेला पाहुणा निरोपच घेत नव्हता. मग समोरच्यांना तू ऐकू कसा येणार? ऐकू येण्यासाठी आधी नाहीसे व्हावे लागते. स्वर सुरू कधी करायचा हे तुला तबला सांगेल, गायक सांगेल, समोरची वही सांगेल. तो संपवायचा कधी, हे मात्र सर्वस्वी तुझ्या हातात असते, आणि बेस वाजवणाऱ्याची सगळी कारागिरी तिथे आहे.

आपल्या वाद्याचा स्वभावच असा आहे. तुझी मोकळी, म्हणजे बोट न दाबलेली, जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, तिच्या शेजारची 55 वेळा. फोनच्या इवल्याशा स्पीकरला हे झेपत नाही; चित्रफितीत ऐकू येतात ते त्या स्वरांसोबत तारेतून आपोआप उमटणारे वरचे स्वयंभू स्वर, आणि खालचा पाया आपला कान अंदाजाने भरून घेतो. तेव्हा फोनवर तू ऐकू येत नाहीस, ही तक्रार माझ्याकडे आणू नकोस. सभागृहातली गोष्ट वेगळी आहे. 41 कंपनांच्या त्या स्वराची एक लाट सुमारे 27 फूट लांब असते. ती भिंतीवर आदळून परत येते, स्वतःवरच चढते, म्हणून एका रांगेत छाती हादरते आणि चार रांगा सोडून बसलेल्याला काहीच कळत नाही. खालचा स्वर बंद खोलीत रेंगाळतो. तू तार बंद केल्यावरही खोली थोडा वेळ वाजवतच असते. मग तू तारही बंद केली नाहीस, तर पुढचा स्वर मागच्याच्या चिखलात पडतो. मंगल कार्यालयात त्याहून आखूड वाजवावे लागते आणि उघड्या मैदानातल्या मंडपात थोडे लांब चालते. हे मला कुणी सांगितले नाही. एवढे कळायला माझी अकरा वर्षे गेली.

लोक तुला सांगतील, आणि आमच्या पिढीतले गाण्यातले लोक तर हमखास सांगतील, की बेस म्हणजे खर्ज, तंबोऱ्यासारखा अखंड भरून राहिला पाहिजे. हे साफ चुकीचे आहे. तंबोऱ्याचे काम स्वर सोडण्याचे नसते, म्हणूनच तो तंबोरा असतो. बेस हा डग्ग्याचा भाऊ आहे. हे वाक्य मी गेली तीस वर्षे सांगत आलो आहे आणि त्यावरून दोन चांगले मित्र गमावले आहेत, तरीही ते मागे घेणार नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण तू पडदे उपटायला निघाला आहेस. 1951 साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी जो बेस विक्रीस आणला, त्याचे नावच "प्रिसिजन" ठेवले होते. कारण त्याला पडदे होते आणि त्यामुळे स्वर नेमका लागत होता. त्याआधी माणसाएवढा उभा डबल बेस पाठीवर घेऊन हिंडावे लागे. फेंडर यांच्या बेसच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, धातूचे झाकण असे आणि झाकणाच्या आत तारांना टेकणारा फोम. विचार कर, ज्या माणसाने हे वाद्य घडवले, त्याने स्वर लवकर संपण्याची सोय वाद्यातच करून दिली होती. पुढे वादकांनी झाकणे काढून फेकली, कारण तारा लांबवर गुंजायला हव्या होत्या.

एकाने ती काढली नाहीत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत बेस वाजवणारे जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने वाजवत, फोम तसाच ठेवत आणि तुटेपर्यंत तारा बदलत नसत. त्यांची गाणी जगभर गाजली. मोटाउनच्या तबकडीवर मात्र त्यांचे नाव छापले गेले ते 1971 साली. 1983 मध्ये ते 47व्या वर्षी गेले. तू विचारतोस, ऐकूच येत नाही तर कशासाठी? आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्याकडे बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचे नाव किती श्रोत्यांना ठाऊक आहे? तरी तो बेस काढून टाक म्हटले, तर तेच श्रोते ओरडतील की गाण्याला काय झाले. नाव न होण्याचे दुःख खरे आहे, ते मी लहान करत नाही. फक्त नाव न होणे आणि ऐकू न येणे यांची गल्लत करू नकोस.

आता माझी फजिती सांगतो. 1987 चा गणेशोत्सव, गिरगावातला मंडप. त्या काळी कार्यक्रम मध्यरात्र उलटली तरी चालत. मी नुकताच जॅको पास्टोरियस हा अमेरिकन बेसवादक ऐकला होता आणि डोके फिरले होते. जिथे जागा दिसेल तिथे काहीतरी भरत होतो. काळी चारमधले, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरलेले, एक भावगीत होते, त्यात अंतऱ्याआधी सगळी वाद्ये थांबत आणि गायिका एकटी उचल करी. मी थांबण्याआधी वरून खाली एक लांब घसरण घेतली आणि दिमाखात दोन्ही हात तारांवरून उचलले. दुसरी जाड तार मोकळी सुटली. मोकळी म्हणजे पांढरी सहा, काळी चारच्या अगदी शेजारची, अर्ध्या सुराने वर. त्या शांततेत बाईंच्या कानात तेवढा एकच स्वर होता, तोच त्यांनी षड्ज मानला आणि अंतरा उचलला. पुढच्या ओळीला अकॉर्डियन आणि गिटार आपल्या जागी आले, त्या भलतीकडेच होत्या. मंडपात हशा पिकला. पंचवीस वर्षे गाणारी बाई, तिला त्या हशाला तोंड द्यावे लागले ते माझ्या एका न दाबलेल्या तारेमुळे. विंगेत आल्यावर त्या रागावल्या नाहीत. पदर नीट करत एवढेच म्हणाल्या, "आधी तुम्ही संपवत जा, मग मी सुरू करीन." मी त्यांची क्षमा मागायला हवी होती. मॉनिटर, म्हणजे आम्हाला ऐकू यावे म्हणून मंचावर ठेवलेला स्पीकर, बिघडला होता, असे सांगितले. मॉनिटर उत्तम होता.

तेव्हापासून मी स्वर संपवायला शिकलो, आणि तुला ते असे शिकायचे आहे. ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला 60 वर लाव. एकच स्वर वाजव आणि तो बरोबर अर्ध्या ठोक्यावर बंद कर. उरलेल्या अर्ध्या ठोक्यात काहीही ऐकू येता कामा नये, तारेची खसखसही नाही. डाव्या हाताचे बोट पडद्यावरून सैल करायचे, पण तारेवरून उचलायचे नाही. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या पडद्यावर एकाच बोटाने तार अडवलीस, तर शिट्टीसारखा बारीक स्वर उमटतो, म्हणून तिथे शेजारचे दुसरे बोटही टेकव. उजवा अंगठा एका जागी रोवून ठेवू नकोस. वरच्या तारा वाजवताना तो खाली सरकून जाड तारांवर आडवा पडला पाहिजे. काळी एकमध्ये सगळे शुद्ध स्वर असलेले गाणे घे, कारण त्यात तुझ्या चारही मोकळ्या तारा परक्या असतात आणि एक जरी सुटली तरी लगेच चोरी पकडली जाते. हे रोज वीस मिनिटे, तीन महिने कर. कंटाळा येईल, तो येऊ दे.

मग तुझे बाकीचे प्रश्न बघ. पाचवी तार सेकंदाला जेमतेम 31 कंपनांपर्यंत खाली जाते. ज्याला 41 बंद करता येत नाहीत, त्याने 31 विकत घेऊन काय करायचे? पडदे काढलेल्या बेसवर मींड येते, हे खरे, पण मींड जिथे पोहोचते तिथे ती संपवावीही लागते. आधी ते जमू दे, मग पडदे काढणारा चांगला कारागीर मीच दाखवीन. तू मोहिनी डे हिची गती पाहून वेडा झाला आहेस. व्हायलाच हवेस, आपल्या मुंबईची मुलगी, वडिलांकडून बेस शिकलेली. पण पुन्हा ऐक, डोळे मिटून ऐक. तिचा प्रत्येक स्वर पुढच्याला जागा करून देऊन जातो, म्हणून ती गती आपल्याला कळते. तेच स्वर न संपता वाजले असते, तर नुसता गोंगाट झाला असता.

राहिला कीबोर्ड. इथे मी निःपक्षपाती नाही. 1994 मध्ये मलाही हेच सांगण्यात आले होते आणि मी म्हटले, चार तारांचा माणूस पांढऱ्या-काळ्या पट्ट्या दाबणार नाही. दिवसा कारकुनी होती, पोटाला कमी नव्हते, म्हणून तो ताठा परवडला. त्याआधी एका ध्वनिमुद्रणात मला सांगितले होते की स्वर पूर्ण ओळभर वाजत राहू दे, मी नाही म्हटले, अर्धा तास वाद घातला आणि पुन्हा बोलावणे आले नाही. त्या ओळीत मी बरोबर होतो, असे मला आजही वाटते. कीबोर्डवाल्याचा डावा हात स्वर सोडतो तो पुढच्या कॉर्डकडे जायचे असते म्हणून. गाण्याला त्या जागी शांतता हवी आहे म्हणून नव्हे. हा फरक ऐकू येतो. पण अर्धा तास भांडायचे नव्हते, आणि सहा वर्षे बेस कपाटावर ठेवायचा तर मुळीच नव्हता. कपाटावरून काढला तेव्हा बेसची मान वाकली होती आणि माझी बोटेही. त्या सहा वर्षांत मी कितीतरी वादकांसोबत वाजवू शकलो असतो. त्यांतले काही आता नाहीत.

तेव्हा संयोजकांशी भांडू नकोस, कीबोर्ड हवा तर शीक, पैसे मिळव. बेस मात्र सोडू नकोस, असे मी सांगतो आहे, आणि हे सांगताना मला माझेच समर्थन करायचे आहे की तुझे भले, हे मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही असावे.

येत्या रविवारी बेस घेऊन घरी ये. अ‍ॅम्प आणू नकोस, माझा आहे. नव्या तारा लावून तर मुळीच येऊ नकोस. आमच्या वेळी तारा मिळत नसत, म्हणून आम्ही जुन्याच आईच्या पातेल्यात उकळून पुन्हा चढवत असू, आणि चकाकी गेलेल्या त्याच तारा ढोलकीशी सगळ्यांत चांगल्या जुळत. घोडीपाशी ठेवायला फोमचा तुकडा मी कापून ठेवला आहे. चारनंतर ये, कारण खालच्या मजल्यावरच्या आजी दोन ते चार झोपतात, आणि त्यांना मात्र आपले वाद्य अगदी स्पष्ट ऐकू येते.

तुझा,
काका