पुस्तकबंदीच्या कायद्यातून धर्मग्रंथांना सूट मिळते का?

अमेरिकेतील ज्या राज्यांनी सरकारी शाळांच्या ग्रंथालयांतून ‘अश्लील’ पुस्तके काढण्याचे कायदे केले, तेथे बायबलला सूट असते का, असे आपण विचारले आहे. निदान यूटा राज्यात तरी ती मिळाली नाही, आणि मिळू नये असेच माझे मत आहे.

यूटाने 2022 साली शाळांतील ‘संवेदनशील साहित्या’विरुद्ध, म्हणजे अश्लील मजकुराविरुद्ध, कायदा केला. त्याच वर्षाच्या अखेरीस डेव्हिस या शालेय जिल्ह्यातील (शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक विभागातील) एका पालकाने थेट बायबलविरुद्ध तक्रार केली. नवी व्याख्या लावायची तर हा ग्रंथही तीत बसतो, असा तिचा रोख होता. तक्रार तपासणाऱ्या जिल्ह्याच्या समितीने कायद्याचा भंग होत नाही असे म्हटले खरे, पण अशिष्ट मजकूर आणि हिंसा यांचे कारण देऊन ग्रंथ फक्त वरच्या वर्गांच्या शाळांत ठेवला. त्यावर गदारोळ उठला आणि जून 2023 मध्ये त्या जिल्ह्याच्या शिक्षण मंडळाने तो एकमताने आपल्या सर्व शाळांत परत आणला.

तक्रारीचा सूर उपरोधिक होता, तरी तिच्यातला मुद्दा गंभीर आहे. बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात लोटच्या मुली बापाला द्राक्षारस पाजून त्याच्यापासून गर्भवती राहतात. एवढाच उतारा समितीपुढे ठेवला, तर कोणता धर्मग्रंथ टिकेल? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 साली अश्लीलतेची जी कसोटी घालून दिली, तीत संपूर्ण कृतीचा आणि तिच्या साहित्यिक मूल्याचा विचार करावा लागतो. तो विचार सोडून पुस्तक एखाद्या पानावरून तोलले, की कादंबरी आणि धर्मग्रंथ एकाच तागडीत येतात. आणि धर्मग्रंथाला तेवढे वगळायचे म्हटले, तर सरकारने धर्माची बाजू घेतल्यासारखे होते, जे तेथील राज्यघटनेला मान्य नाही.

याचा अर्थ शाळेत बायबल असूच नये असा मुळीच नाही. पेनसिल्व्हेनियातील शाळांमध्ये रोज सकाळी बायबलमधील दहा वचने वाचण्याची पद्धत याच सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली घटनाबाह्य ठरवली, पण साहित्य किंवा इतिहास म्हणून त्याच ग्रंथाच्या तटस्थ अभ्यासाला त्याच निकालात मोकळीक ठेवली.

मला खरी चिंता वाटते ती यूटाच्या 2024 मधील दुरुस्तीची. काही प्रकारच्या वर्णनांसाठी तीत संपूर्ण पुस्तकाचा विचार करण्याची गरजच उरलेली नाही, आणि तीन शालेय जिल्ह्यांनी अशा कारणावरून एखादे पुस्तक काढले, तर ते राज्यभरातील सरकारी शाळांतून काढावे लागते. आपल्या मुलाने काय वाचावे हे पालकाने जरूर ठरवावे. परंतु येथे दूरच्या जिल्ह्यातील मुलांचे वाचनही तेच ठरवू लागतात.