सुधारणेवर बोलणार असशील तर

परवा मंडळात बोलायचंय म्हणून घाबरलीयस, ठीक आहे. मीही पहिल्यांदा इथे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या सभेत, बडोदा संस्थानचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या सुधारणांची यादी वाचली होती. लोक चहाची वाट बघत बसले.

यादी करू नकोस. एकच धागा धर: कायदा आधी आला की मन आधी बदललं? १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला, १९०६ ला तो संस्थानभर लागू झाला. १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी. म्हणजे बडोदा पुढेच होतं. पण अंत्यज (म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्या) मुलांच्या शाळांना सवर्ण मास्तर मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. हे जरूर सांग; कारण आणि परिणाम दोन्ही त्यातच दिसतात.

आणि मग १९१७. ज्या आंबेडकरांना १९१३ मध्ये संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला धाडलं, ते इथे नोकरीला आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. कचेरीतले शिपाई फायली लांबूनच टेबलावर टाकायचे. पारशी धर्मशाळेत उतरले, तर जात कळताच काठ्या घेतलेली माणसं दारात; तीही जागा सोडावी लागली.

बोलायच्या आदल्या दिवशी कमाटीबागेत चक्कर मार. तिथून निघाल्यावर आंबेडकर ज्या वडाखाली बसले होते, ती जागा बघ. (रविवारी नको, खूप गर्दी असते.) महाराजांची स्तुती आपल्या मराठी घरांत पुष्कळ झालीय, तू दोन मिनिटांत उरक. कुणी आजोबा चिडले तर नम्रपणे विचार, "काका, तेव्हा आपल्यापैकी कुणी त्यांना खोली दिली असती?"