पांढऱ्या पेशी वेगळ्या करायला फायकॉल या दाट द्रवावर रक्त घालून सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) अर्धा तास फिरवते, तरी मध्ये जमणारं पेशींचं कडं पुसट आणि लालसर येतं. सर म्हणतात हात बसला नाही. खरंच हाताचा दोष आहे का?

सरांना आधी रोटरची, म्हणजे मशीनमधल्या ट्यूब धरून फिरणाऱ्या भागाची, त्रिज्या विचारा. सांगता आली नाही, तर हाताचा विषय तिथेच संपला.

बळ मोजायचं जी मध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट ते: १.११८ × १०⁻⁵ × त्रिज्या (सेंमी) × आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १६ सेंमी असेल तर १५०० आरपीएमला ४०० जी मिळतं. १० सेंमीच्या रोटरवर तेवढ्याच वेगाला जेमतेम २५०, तिथे ४०० जी साठी १९०० आरपीएम लागेल. बळ कमी पडलं की लाल पेशी पूर्ण खाली जात नाहीत. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेल्या प्रोटोकॉलमध्ये मशीन बदलतं, आकडा तोच राहतो आणि बोलणी खातात मुलं. यावरून मी सीनियर मंडळींशी बरीच वर्षं भांडतोय. प्रोटोकॉलमध्ये नुसता आरपीएम लिहिणं हा निव्वळ आळस आहे.

दुसरा गुन्हेगार तापमान. फायकॉलची १.०७७ (ग्रॅम प्रति मिली) ही घनता खोलीच्या तापमानाला, १८ ते २० अंशांना धरलेली असते. बाटली फ्रिजमधून काढून तशीच वापरली, तर द्रव जास्त घन असतो. मग लाल पेशी आणि ग्रॅन्युलोसाइट (दाणेदार पांढऱ्या पेशी) पूर्ण खाली न जाता कड्यात अडकतात. तुमचा लालसरपणा बहुधा या दोन्हींपैकी एकामुळे आहे. रक्तही फ्रिजमध्ये ठेवू नका आणि शक्यतो काही तासांत वापरा. दिवसभर पडून राहिलेल्या रक्तातले ग्रॅन्युलोसाइट हलके होऊन कड्यातच येऊन बसतात.

५० मिलीच्या ट्यूबमध्ये १५ मिली फायकॉल घ्या. हेपॅरिन किंवा ईडीटीएमधलं (रक्त गोठू न देणारी रसायनं) रक्त पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेट बफर सलाईनमध्ये, निम्मं पातळ करा आणि ३० मिली, ट्यूब तिरकी धरून, भिंतीवरून सोडा. इथे मात्र हात लागतो, तेवढं सरांचं मान्य. थर मिसळले तर पुढे काही करून उपयोग नाही. ४०० जी, ३० ते ४० मिनिटं, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थांबताना थर ढवळतात आणि कडं पुसट होतं, तेव्हा हेही तपासा.

कडं उचलताना खालचं फायकॉल फार ओढू नका. आलेल्या द्रवात तिप्पट पीबीएस घालून ३०० जीला १० मिनिटं फिरवा. फायकॉल नीट पातळ झालं नाही तर पेशी खाली बसत नाहीत. दुसरं धुणं २०० जीला, म्हणजे प्लेटलेट वरच्या पाण्यात राहून निघून जातात. निरोगी माणसाच्या एक मिली रक्तातून साधारण १० ते २० लाख पेशी मिळतात. मेलेल्या पेशी निळ्या करणारा ट्रिपॅन ब्लू लावून मोजा.

हे सगळं लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींसाठी. न्यूट्रोफिल (ग्रॅन्युलोसाइटचाच एक प्रकार) हवे असतील तर ते तळाशी लाल पेशींबरोबर गेलेले असतात, कडं शोधून मिळणार नाहीत. फ्लो सायटोमेट्रीत (लेझरने एकेक पेशी मोजणारी पद्धत) नुसती सीडी४ (एका प्रकारच्या लिम्फोसाइटची) मोजणी करायची असेल तर फायकॉलची गरजच नाही. आधी अँटिबॉडी लावा, मग अमोनियम क्लोराइडच्या बफरने लाल पेशी फोडा. रक्त एक भाग, बफर दहा भाग, दहा मिनिटं. त्याहून जास्त ठेवलं तर पांढऱ्या पेशीही मरायला लागतात.

आणि हो, ट्यूब ठेवायच्या बकेटला झाकण लावल्याशिवाय मशीन सुरू करू नका. रक्तदात्याची संसर्गासाठी तपासणी झालेली असली तरीही.