बेळगावजवळच्या खानापूरहून श्रीलंकेत जाऊन शेतावर राहून कमी खर्चात फिरता येईल का?

येईल की! पद्धत साधी आहे: दिवसाला चार ते सहा तास काम, बदल्यात जेवण आणि झोपायला जागा. 1971 मध्ये इंग्लंडात सुरू झालेली वूफ (WWOOF) ही यातली जुनी चळवळ; शोध तिथून सुरू कर.

पण आधी व्हिसा. पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही असे देश आहेत, म्हणून तिकिटाआधी वकिलातीला लेखी विचार. यात आळस नको, परत पाठवतात.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळूर, तिथून कोलंबोचं विमान. पुढं तिथल्या लाल सरकारी बसनं फिर, खिशाला परवडतं.

आपल्याकडं भाताची लावण केलेल्याला चिखलाची भीती नाही. दालचिनीचं काम मात्र मन लावून शीक. आधी फांदीची वरची साल खरवडायची, मग पितळी दांडक्यानं घासून आतली साल सैल करायची आणि सुरीनं अलगद सोडवायची. हात घाईला आला की साल फाटलीच. वास दोन दिवस बोटांना राहतो, फार सुंदर!

जळवा आपल्या घाटातल्या कणकुंबीसारख्याच. मीठ जवळ ठेव, पायमोजे लांब घे. आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे बांधून ठेव, त्यांना हात लावू नको.