फ्रेंच कंट्री घराच्या खिडक्या खरंच कशा असतात?

तुम्ही विचारलंय, की डॅलसजवळ नवं घर बांधून घेताय, बिल्डरने ‘फ्रेंच कंट्री’ म्हणून चित्र दाखवलंय. खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना निळ्या झडपा, वर कमान, समोरच्या भिंतीला दगड. फ्रान्सच्या खेड्यांत घरं खरंच अशी असतात का, आणि नसतील तर खिडक्यांच्या बाबतीत त्याच्याकडे काय मागावं?

मी दक्षिण फ्रान्समधल्या तूलूझ शहराजवळ, लोरागे नावाच्या शेतीच्या मुलखात, एका जुन्या शेतघरात बारा वर्षं राहते आहे. त्या घराच्या चौदा खिडक्या आम्ही एकेक करून दुरुस्त केल्या, त्यामुळे या विषयावर बोलायला मला मनापासून आवडतं.

बिल्डरला आधी एकच विचारा: या झडपा मिटतात का?

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी त्या भिंतीला स्क्रूने ठोकलेल्या असतात. इतक्या अरुंद, की मिटल्या असत्या तरी निम्मी खिडकी उघडीच राहिली असती. डोळ्याला ते लगेच खटकतं, कारण सांगता आलं नाही तरी. इथे झडप हे रोज हाताखालचं काम आहे. जुलैत ऊन अंगणात उतरलं की आम्ही दक्षिणेकडच्या झडपा ओढून घेतो. अगदी घट्ट नाही, चार बोटं फट ठेवून मधला आकडा अडकवायचा. याला इथले लोक ‘आ लेस्पान्योलेत’ म्हणतात. रात्री सगळं सताड उघडायचं, पहाटेचा गारवा आत घ्यायचा आणि सकाळी पुन्हा कोंडून ठेवायचा. बाहेर 37 अंश असताना आमच्या खालच्या खोलीत 26 च्या वर पारा क्वचितच जातो. पडदा काचेच्या आत असतो, म्हणजे ऊन घरात आल्यावर त्याला अडवतो. झडप उन्हाला काचेपर्यंत पोचूच देत नाही. ऑगस्ट 2003 च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे 15,000 माणसं दगावली. आजही लाट आली की सरकारी सूचनांत दिवसा झडपा मिटून ठेवा, हे सांगितलेलं असतंच. टेक्सासच्या उन्हात याचा उपयोग तुम्हालाही आहे, शोभा राहू द्या बाजूला.

पण झडप मिटायची तर खिडकी आत उघडली पाहिजे. फ्रेंच खिडकीचं मर्म हेच. काचेची दोन दारं आतल्या बाजूला उघडतात, लाकडी झडपा बाहेर. मधे काही आडवं येत नाही, म्हणून खोलीतूनच हात बाहेर काढून झडप ओढता येते. दोन्ही दारं जिथे भेटतात तिथे एकाची कड गोल बाहेर आलेली आणि दुसऱ्याची तशीच खोलगट. या खाचेला इथले सुतार ‘लांडग्याचं तोंड’ म्हणतात. दोन्ही दारं एकमेकांत चावल्यासारखी बसतात, वारा आत येत नाही. बंद करायला वरपासून खालपर्यंत लोखंडी दांडा असतो, मधली मूठ फिरवली की एक टोक वर चौकटीत आणि एक खाली उंबऱ्यात शिरतं. खालच्या आडव्या लाकडाला बाहेर पोटासारखा फुगवटा असतो, पावसाचं पाणी त्यावरून चौकटीपासून लांब पडावं म्हणून. चित्रात यातलं काही दिसत नाही, पण खिडकीचा चेहरा यानेच घडतो.

तुमच्याकडे अडचण डासांच्या जाळीची येईल. आत उघडणाऱ्या खिडकीला जाळी बाहेर लावावी लागते आणि ती झडपेच्या आड येते. गुंडाळून वर जाणारी जाळी भिंतीच्या खाचेत बसवून घ्या. ते जमणार नसेल आणि बाहेर उघडणाऱ्याच खिडक्या मिळणार असतील, तर झडपांचा नाद सोडा. खोट्या लावू नका. लोआरच्या खोऱ्यात आणि पॅरिसच्या आसपासच्या कितीतरी जुन्या हवेल्यांना बाहेर झडपा नाहीतच. तिथे त्या आतून, घडी होऊन भिंतीच्या जाडीत बसतात. बाहेर दिसते फक्त दगडाची चौकट आणि उंच खिडकी. उघड्या भिंतीचं ते रूपही शंभर टक्के फ्रेंच आहे.

आता खोली, म्हणजे खिडकी भिंतीत किती आत बसवलीय ते. झडपांइतकंच हेही महत्त्वाचं. आमच्या भिंती 55 सेंटिमीटर जाड आहेत आणि काच बाहेरच्या बाजूपासून वीत-सव्वा वीत आत आहे. दिवसभर तिथे सावली सरकत राहते, घराला डोळे असल्यासारखे वाटतात. आतली बाजू तिरकी कापलेली असते, म्हणून खिडकी लहान असूनही उजेड खोलीभर पसरतो. तुमच्याकडची लाकडी सांगाड्याची भिंत पातळ, आणि खिडकी तिच्या बाहेरच्या कडेला चिकटवलेली. निदान दर्शनी भिंत जाड करून खिडकी चार इंच तरी आत घ्यायला सांगा. पैसे कमी पडत असतील तर बाहेरचा दगड कमी करा, पण ही सावली सोडू नका.

आकाराचं गणित जुन्या गवंड्यांनी ठरवलेलं आहे. वरचा दगड किंवा ओकची तुळई फार लांब टाकता यायची नाही, म्हणून खिडकी अरुंद आणि उंच: रुंदी मीटरभर, उंची दीड मीटर किंवा जास्त. वरच्या मजल्यावर ती थोडी आखूड, माळ्यावर आणखी लहान. त्यात 1798 मध्ये दारं-खिडक्यांवर कर बसला, तो थेट 1926 मध्ये उठला. त्या काळात लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. आमच्या गावात अशा दोन आंधळ्या खिडक्या अजून आहेत, त्यांच्यासमोरून जाताना मला दरवेळी वाईट वाटतं. सांगायचं इतकंच, की खेड्यातल्या फ्रेंच घरात भिंत जास्त आणि खिडकी कमी असते. बिल्डर आडवी, तिहेरी, भिंतभर खिडकी काढून तिच्यावर कमान ठेवत असेल तर ते घर फ्रेंच दिसणार नाही.

काचेबद्दल आमचीच चूक सांगते. पहिल्या वर्षी थंडीला घाबरून आम्ही एका कंपनीकडून दोन खोल्यांना प्लास्टिकच्या खिडक्या बसवून घेतल्या. त्यांनी जुनी लाकडी चौकट न काढता तिच्यावरच नवी जाड चौकट चढवली. काच चारी बाजूंनी आकसली, खोली कायमची अंधारली. तावदानांच्या पट्ट्या दोन काचांच्या मधे कोंडलेल्या, म्हणून बाहेरून पाहिलं तर एक सपाट चकचकीत पत्रा. चार वर्षांनी ते सगळं काढून गावातल्या सुताराकडून ओकच्या खिडक्या करून घेतल्या. पट्ट्या हव्या असतील तर काचेच्या बाहेर उठून दिसणाऱ्या, अगदी बारीक घ्या. नाही जमलं तर पट्टीच नको.

आणि प्रदेश एकच निवडा. अमेरिकेत हे जे ‘फ्रेंच’ घर रुळलं ते पहिल्या महायुद्धानंतर, फ्रान्समध्ये लढून आलेल्या सैनिकांनी तिथली खेडी पाहिली होती त्या काळात. तेव्हापासून उत्तरेतल्या नॉर्मंडीच्या लाकडी चौकटींच्या भिंती, पॅरिसचं दुहेरी उताराचं मांसार छप्पर आणि दक्षिणेतल्या प्रोव्हान्सचा पिवळा गिलावा एकाच घरावर चढवायची सवय लागली. प्रोव्हान्सच्या शेतघराची उत्तरेकडची भिंत जवळजवळ मुकी असते, कारण मिस्त्राल नावाचा जोरदार थंड वारा तिकडून येतो. छप्पर बुटकं, नळीच्या कौलांचं. ब्रिटनीत ग्रॅनाइट आणि काळी स्लेट. आल्झासमध्ये झडपेत बदाम, म्हणजे हृदयाचा आकार, कोरलेला. बास्क मुलखात झडपा गडद तांबड्या. आमच्याकडे गुलाबी वीट आणि फिकट निळं लाकूड. पंधराव्या-सोळाव्या शतकात या भागातल्या पास्तेल नावाच्या, पानांतून निळा रंग देणाऱ्या झाडाने तूलूझचे व्यापारी गब्बर झाले होते, तो निळा अजून दारा-खिडक्यांवर आहे. तुमच्या हवेला, ऊन बघता, दक्षिणेचं घर जास्त जवळचं.

रंग तुम्ही विचारला नाही, तरी सांगते. पांढराशुभ्र नको आणि चित्रातला तो भडक निळाही नको. राखी मिसळलेला निळा किंवा हिरवा घ्या, चकाकी नसलेला. इथे झडपांचा रंग बदलायचा तर नगरपालिकेत कागद द्यावा लागतो, आणि 500 मीटरच्या आत संरक्षित वास्तू असेल तर सरकारी वास्तुविशारदाचं मत घेतात. आम्हालाही आमच्या पसंतीचा रंग दोनदा बदलावा लागला. तेव्हा राग आला होता, आता चौकात उभं राहून सगळी घरं एकत्र पाहिली की त्यांचं बरोबर होतं असं वाटतं.

बिल्डरकडे जाताना टेप घेऊन जा. चित्रातल्या खिडकीची रुंदी मोजा, मग एका झडपेची मोजा. झडप बरोबर निम्मी भरली, तिला खऱ्या लोखंडी बिजागऱ्या असल्या आणि भिंतीवर ती अडकवायला छोटा खटका दाखवलेला असला, तर पुढचं बोलायला हरकत नाही. आमच्या खटक्यांवर टोपी घातलेल्या बाईचं ओतीव डोकं आहे, ‘मेंढपाळीण’ म्हणतात तिला. रोज सकाळी झडप मागे लोटली की मी तिला बोटाने उभी करते.