ओला गिलावा, कोरडा गिलावा

प्रश्न : अजिंठ्याला आमचा गाइड लेण्यागणिक ‘फ्रेस्को, फ्रेस्को’ म्हणत होता. माझी मुलगी चित्रकला शिकते. तिने तिथल्या तिथे सांगितलं, की ही फ्रेस्को नव्हेतच. कोणाचं खरं? आणि कलेच्या पुस्तकांत सिनोपिया, जोर्नाता, सेको असे इटालियन शब्द का कोंबलेले असतात? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलीचं खरं. गाइडला मात्र फार बोल लावू नका. जुन्या इंग्रजी पुस्तकांनीच त्या चित्रांना फ्रेस्को म्हणून ठेवलंय.

फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यात कालवलेल्या रंगाने केलेलं काम. त्यात खळ नाही की डिंक नाही. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड होतो. रंगाचे कण त्या दगडातच अडकतात. मी तरुणपणी राजस्थानात आरायशचं काम शिकलो. ही आपल्याकडची ओल्या चुन्याची पद्धत. शेवटी अकीकाच्या दगडाने भिंत घोटायची, की ती आरशासारखी चकाकते. तिथे एक गोष्ट हाताला कळली. सुरुवातीला कुंचला निसरतो, रंग वरच तरंगतो. मग एक वेळ अशी येते, की भिंत रंग प्यायला लागते. टेकवला कुंचला की रंग आत. काय करायचं ते तेव्हाच. त्यानंतर कुंचला अडखळू लागला की खुशाल हात धुवावेत, कारण पुढचा रंग उद्या बोटाला लागणार.

म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी चढवायचा. त्या तुकड्याला इटलीतले कारागीर जोर्नाता म्हणत, म्हणजे एका दिवसाचं काम. तिरपा प्रकाश टाकला की या तुकड्यांचे सांधे दिसतात. सिस्टाइन चॅपेलच्या छतावरचं ‘आदमची निर्मिती’ मायकेलअँजेलोने अशा 16 तुकड्यांत केलं. नेमका आकडा सांगता येतो तो या सांध्यांमुळेच.

खालच्या जाड थरावर गेरूने जो आराखडा काढत तो सिनोपिया. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपे गावच्या तांबड्या मातीवरून हे नाव पडलं. वरचा थर चढला की आराखडा कायमचा झाकला जाई. 1944च्या जुलैमध्ये पिसा इथल्या काम्पोसांतो या दफनभूमीवर तोफगोळा पडला, छपराला आग लागली, छतावरचं शिसं वितळून भिंतींवर ओघळलं. उरलेली चित्रं वाचवायला ती भिंतीवरून सोलून काढली, तेव्हा खाली शतकानुशतकं कोणी न पाहिलेले आराखडे निघाले. आज पिसात त्यांचं वेगळं संग्रहालय आहे. मला विचाराल तर काही ठिकाणी वरच्या चित्रापेक्षा तो गेरूचा हात जास्त मोकळा आहे.

पुढे कागदावर पूर्ण मापाचं रेखाटन करून, रेघांवर टोचे मारून, कोळशाची पूड भरलेल्या पुरचुंडीने ते भिंतीवर उतरवू लागले. आपल्या रांगोळीच्या भोकाभोकांच्या छापासारखंच. या पुरचुंडीच्या कामाला स्पोल्वेरो म्हणतात आणि त्या जाड कागदाला कार्तोने. आपलं ‘कार्टून’ त्यातूनच आलं. 1843 साली लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाने संसदेच्या भित्तिचित्रांच्या कच्च्या रेखाटनांची टर उडवली, तेव्हापासून शब्दाला विनोद चिकटला.

आता अजिंठा. तिथे कातळावर माती, भाताचं तूस, झाडपाल्याचे तंतू यांचा लेप आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर चिकटद्रव्यात कालवलेले रंग. ही ‘सेको’ची, म्हणजे कोरड्या भिंतीची जात. रंग भिंतीत मुरलेला नाही, वर बसलेला आहे, आणि म्हणून पोपडे सुटतात. लिओनार्दोनेही मिलानच्या मठातलं ‘शेवटचं भोजन’ (1495–98) सावकाश रंगवता यावं म्हणून कोरड्या भिंतीवरच केलं. सत्तर वर्षांच्या आत चित्रकारांचा चरित्रकार व्हासारीला तिथे नुसते डाग दिसले. अलीकडची दुरुस्ती 1978 ते 1999 चालली.

गंमत अशी, की 1920च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठा वाचवायला बोलावले तेही इटालियनच, प्रोफेसर चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी. सुटलेले पोपडे त्यांनी जागच्या जागी बसवले, हे उपकारच. पण वर शेलॅक फिरवलं, म्हणजे आपली सुतारकामातली चपडी. ती पुढे पिवळी, काळपट पडली, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ती उतरवत बसावं लागलं. तेव्हा भिंत कोणत्या जातीची हा प्रश्न पंडितीचा नाही. ओली की कोरडी, यावर तिला पाणी लावायचं की नाही हेसुद्धा ठरतं.

शब्द इटालियन का? कारण ही गवंड्या-रंगाऱ्यांची कामाची बोली होती आणि ती तिथे लवकर कागदावर आली. 1400च्या आसपास चेन्नीनो चेन्नीनी या चित्रकाराने गिलाव्यापासून सगळी कृती लिहून ठेवली, 1550 साली व्हासारीने चित्रकारांची चरित्रं छापली. युरोपभरचे चित्रकार शिकायला तिकडेच जात. येताना शब्द घेऊन आले. गेरूला गेरू म्हणायला माझी काहीच हरकत नाही.

प्रश्न : गोव्यातल्या जुन्या देवळांवरच्या लाल-पांढऱ्या नक्षीला ‘स्ग्राफितो’ म्हणावं का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : तंत्र तेच आहे. चुन्याच्या गिलाव्यावर काव चढवायची आणि ओल आहे तोवर टोकदार हत्याराने वरचा थर खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. फ्लॉरेन्सच्या वाड्यांवरही दोन रंगांचे थर असेच खरवडलेले दिसतात. पण तुमच्याकडे ‘कावी’ हे नाव जितंजागतं आहे. सावंतवाडीच्या माणसाने स्ग्राफितो कशाला म्हणायचं?

प्रश्न : चित्रातल्या छायाप्रकाशाच्या खेळाला ‘चियारोस्कुरो’ म्हणतात, हा उच्चार बरोबर आहे का? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नाही. कियारोस्कूरो. इटालियनमध्ये ‘सी’नंतर ‘एच’ आला की क. चेन्नीनीत ‘एच’ नाही, ‘सी’नंतर थेट ‘ई’ आहे, म्हणून तिथे च.